खाडीचं शेवाळ, तळ्याचं शेवाळ: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी दोघांना एकच कृती का चालत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ठाण्यात एम.एस्सी. करता. प्रकल्पासाठी मासुंदा तळ्याचं पाणी आणि कोपरीकडच्या खाडीकाठचा चिखल असे दोन नमुने घेतलेत. दोन्ही ४ टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेत, काही आठवड्यांनी अल्कोहोलच्या पायऱ्यांमधून काढलेत, थेंब कार्बन टेपवर टाकून पंख्याखाली वाळवलात आणि सोन्याचं कोटिंग करून एसईएमखाली, म्हणजे पृष्ठभाग दाखवणाऱ्या स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलंत. खाडीच्या नमुन्यात दिसले चौकोनी स्फटिक आणि चिखलाचं लिंपण, तळ्याच्या नमुन्यात चुरगळलेल्या पेशी, आणि दोन्हीकडे मधूनच पांढरेफटक झगमगणारे पट्टे. पुढचा स्लॉट महिन्याभराने आहे. कॉलेजात पेशी पक्क्या करणारं ऑस्मियम नाही, त्या न चुरगळता वाळवणारा क्रिटिकल पॉइंट ड्रायर नाही. तुम्ही विचारताय की सर्वांत चांगला प्रोटोकॉल कोणता, आणि याच नमुन्याचं टीईएमही (पातळ कापातून आरपार पाहणारा ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) होईल का.

तुमची अडचण प्रोटोकॉल चुकीचा निवडल्याची नाही. खाडीच्या चिखलात तुम्हाला हवे असलेले बहुतेक जीव डायटम आहेत, म्हणजे काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारे. तळ्यातले तुमचे जीव मऊ आहेत: सेल्युलोजच्या भिंती, चिकट श्लेष्म, आत नुसतं पाणी. पहिल्याला आम्लात उकळवलं तरी चालतं, उलट तसं केलं तरच तो नीट दिसतो. दुसरा साध्या हवेत वाळला तरी संपला. तुम्ही दोघांना एकाच वाटेने नेलंत, आणि ती वाट दोघांपैकी कोणाचीच नव्हती. त्यामुळे बाटली उघडण्याआधीच ठरवावं लागतं की मला कवच पाहायचंय की जिवंतपणी होती तशी पेशी. हे ठरलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

बाकी बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधीच सांगते. नेमकी कोणती प्रजाती, पाणी किती खारट, यंत्र साधं टंगस्टन फिलामेंटचं की फील्ड एमिशनचं, आणि फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणारं कपाट, खरोखर चालतं की नुसतं कपाटासारखं उभं आहे, यावर माझे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. मी नेरूळला राहते. जैविक नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तयार करणं हे अनेक वर्षं माझं रोजचं काम होतं, त्यात शैवालांचा वाटा मोठा होता. खाली लिहितेय ते त्या अनुभवातून.

आधी तुमच्या जुन्या फोटोंकडे बघू, कारण त्यांच्यातच निदान आहे. चौकोनी स्फटिक म्हणजे मीठ. खाडीचं पाणी धुऊन न काढता तुम्ही थेट अल्कोहोलमध्ये गेलात. मीठ पाण्यात सहज विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही. सल्फेटं तर त्याहून हट्टी. अल्कोहोलचं प्रमाण वाढत गेलं तसे क्षार जागच्या जागी पेशींवर बसले. कोटिंगच्या यंत्रावर किंवा टेपवर त्याचं खापर फोडू नका. यंत्राला ईडीएस (मूलद्रव्यं ओळखणारा क्ष-किरण शोधक) जोडलेलं असेल तर त्या ठोकळ्यावर नेम धरून एक वाचन घ्यायला सांगा, सोडियम आणि क्लोरीनची शिखरं दिसली की विषय संपला. चुरगळलेल्या पेशी म्हणजे पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, अल्कोहोलचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, तरी पातळ भिंतीसाठी तोही पुष्कळ. द्रव उडून जाताना त्याचा पृष्ठभाग पेशीवरून खाली सरकतो आणि पावसात भिजलेला सदरा अंगाला चिकटावा तशी भिंत आत ओढली जाते. पांढरे पट्टे म्हणजे चार्जिंग: इलेक्ट्रॉन येतात, पण त्यांना जमिनीपर्यंत जायला वाट नसते. चिखलाच्या जाड ढेकळांच्या सावलीत सोनं पोचलंच नाही, म्हणून तिथे झगमगाट.

आता खाडी.

आधी परवानगी. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा पश्चिमेकडचा पट्टा २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. कोपरी त्याच्या उत्तरेला येते, पण तिथेही कांदळवन आहेच. वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारूनच उतरा. प्रकल्पाच्या अहवालात परवानगीचं पत्र जोडलेलं बरं दिसतं, आणि चिखलात एकटं उतरायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

चिखल खरवडून बाटलीत भरण्यापेक्षा एक जुनी, साधी युक्ती वापरा. ओहोटीला वरचा अर्धा सेंटिमीटर चिखल उथळ ट्रेमध्ये आणा, वरचं पाणी ओतून टाका, पृष्ठभाग सपाट करा आणि त्यावर लेन्स पुसायच्या कागदाचे तुकडे अलगद ठेवा. ट्रे खिडकीपाशी उजेडात ठेवायचा. चिखलात राहणारे नॅव्हिक्युला, निट्झिया, गायरोसिग्मा, प्लुरोसिग्मा हे डायटम सरपटू शकतात, आणि दिवसा ओहोटीच्या वेळी उजेडाकडे वर येणं हा त्यांचा नेमच असतो. तासा-दोन तासांत ते कागदात शिरतात. चिमट्याने कागद उचला, गाळलेल्या खाडीच्या पाण्यात हलवून झटका, कागद काढून टाका. चिकणमाती जवळजवळ सगळी मागे राहते. तुमचा चिखलाच्या लिंपणाचा प्रश्न इथेच नव्वद टक्के सुटतो, रसायनाचा थेंबही न वापरता. तोटा एवढाच की न हलणारे डायटम आणि मेलेल्यांची कवचं यात येत नाहीत. तुम्हाला चिखलातली एकूण यादी करायची असेल तर ही पद्धत पुरेशी नाही, थोडा चिखल वेगळा ठेवावा लागेल.

कवचं स्वच्छ करण्याची कृती अशी. आधी क्षार: ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळा, रात्रभर स्थिरावू द्या, वरचं पाणी ओता, पुन्हा. तीन-चार वेळा. सेंट्रिफ्यूज जोरात फिरवून वेळ वाचवायचा मोह होतो. लांब, नाजूक कवचं त्यात तुटतात. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, साधारण १० टक्के, कारण खाडीच्या गाळात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो कार्बोनेट आधी जायला हवा. काही जण थेट सल्फ्युरिक आम्लाकडे जातात, मग कॅल्शियम आणि सल्फेट भेटून जिप्समच्या सुया तयार होतात. एकदा झाल्या की त्या घालवणं महाकठीण. पुन्हा धुवा, आणि मग ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, फ्यूम हूडमध्ये, मोठ्या बीकरमध्ये अगदी थोडा नमुना, मंद आचेवर काही तास. सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर फेस एकदम उसळतो, म्हणून मोठा बीकर. तोंड कधीही बंद करायचं नाही. गाळ करडा-पांढरा झाला की थांबा आणि पाणी उदासीन होईपर्यंत धुवा.

इथे एक धोक्याची सूचना, कारण तुमचा जुना नमुना फॉर्मॅलिनमध्ये आहे. तो फेकू नका, त्यातली कवचं बहुतेक शाबूत असतील. पण फॉर्मॅलिनचा अंश राहिलेल्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल कधीही घालू नका. दोन्ही एकत्र आली की बिस-क्लोरोमिथाइल इथर तयार होऊ शकतं, आणि ते कर्करोगकारक आहे. आधी पाच-सहा वेळा धुवा, बाटली हुंगून खात्री करायची नाही, धुण्याची संख्या वाढवा.

स्वच्छ झालेला गाळ पाण्यात इतका पातळ करा की थेंब जेमतेम धुरकट दिसेल. गोल कव्हरस्लिपवर थेंब टाका, झाकून हवेत वाळू द्या. हो, डायटमच्या कवचाला हवेत वाळवणं चालतं. सिलिका पृष्ठताणाला जुमानत नाही. तुम्हाला क्रिटिकल पॉइंट ड्रायरची गरजच नाही, निदान निम्म्या प्रकल्पासाठी. एक मात्र लक्षात ठेवा: या धुण्यात साखळ्या तुटतात आणि कवचाचे दोन्ही भाग सुटे होतात. स्केलेटोनेमासारखा साखळीत राहणारा डायटम साखळीसकट दाखवायचा असेल तर त्याला तळ्याच्या नमुन्यासारखी मऊ वागणूक द्यावी लागेल. सुट्या कवचांचा फायदा असा की काही आतली बाजू वर करून पडतात, काही बाहेरची, आणि ओळख पटवायला दोन्ही बाजू लागतात.

याच गाळातून प्रकाश सूक्ष्मदर्शकासाठीही एक कायमची काचपट्टी करून ठेवा. माध्यम नॅफ्रॅक्ससारखं, अपवर्तनांक १.७ च्या आसपास असलेलं घ्या, नाहीतर कवच दिसतच नाही. एसईएमचा फोटो एका कवचाचा असतो, संख्या आणि मापं प्रकाश सूक्ष्मदर्शकावर घ्यायची. डायटमचे अभ्यासक एच. पी. गांधींनी कोल्हापूर, पन्हाळा, जोग या भागांतल्या गोड्या पाण्यातल्या डायटमचं जे प्रचंड काम केलं ते प्रकाश सूक्ष्मदर्शक आणि हाताने काढलेल्या रेखाचित्रांवर. तुमच्या डायटमची नावं पटवताना त्या परंपरेतल्या वर्णनांशीच ताडून बघावं लागतं, आणि त्यांत १० मायक्रोमीटरमध्ये किती रेघा हे दिलेलं असतं, रंध्रांची नॅनोमीटरमधली मापं नव्हे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आज डायटमवर काम चालतं. ओळखीत अडलात तर तिथे विचारण्यात संकोच करू नका.

तळ्याच्या नमुन्याला मात्र वेळ द्यावा लागेल.

पहिला तास सर्वांत महत्त्वाचा. २० मायक्रोमीटरच्या जाळीने नमुना गोळा केलात की अर्धा भाग जिवंत ठेवा आणि त्याच दिवशी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून यादी करा. मासुंदासारख्या तळ्यात सेनेडेस्मस, पेडिअ‍ॅस्ट्रम, ऑसिलेटोरिया, मायक्रोसिस्टिस, क्वचित युग्लीना असं मिश्रण असण्याची शक्यता मोठी. यादी हातात नसताना एसईएमला बसलात तर चुरगळलेलं काय आणि मुळातच तसं काय, हे कळणार नाही. उरलेला अर्धा जागेवरच फिक्स करा, म्हणजे पेशी आहेत तशा रसायनाने पक्क्या करा. बाटली घेऊन आधी कॉलेजात जाऊ आणि मग बघू, हे मे महिन्याच्या उन्हात चालत नाही. बंद बाटलीत प्राणवायू संपतो, पेशी फुगतात किंवा फुटतात आणि जिवाणू कामाला लागतात.

फिक्सेशनला फॉर्मॅलिन नको, ग्लुटराल्डिहाइड घ्या. फॉर्माल्डिहाइडचा रेणू लहान, आत पटकन शिरतो, पण त्याची पकड ढिली असते आणि धुताना काही प्रमाणात सुटतेही. ग्लुटराल्डिहाइडला दोन टोकं आहेत, तो प्रथिनांना दोन्हीकडून धरून ठेवतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या दर्जाचं २५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. अंतिम प्रमाण २.५ टक्के हवं. बाहेर काम करताना सोपा मार्ग म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण आधी बनवून न्यायचं आणि तेवढ्याच आकारमानाच्या नमुन्यात मिसळायचं. मग थर्मासच्या डब्यात बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत, तिथे फ्रिजमध्ये ४ अंशांवर रात्रभर. बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेला नमुना गेलाच म्हणून समजा.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) किती ताकदीचा घ्यायचा हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. समुद्राच्या पाण्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, लिटरला १००० मिलिऑस्मोलच्या आसपास, ०.१ मोलर फॉस्फेट बफरची त्याच्या पावपट, आणि तळ्याच्या पाण्याची जवळजवळ नगण्य. म्हणजे प्राणी-पेशींसाठी लिहिलेला ०.१ मोलरचा बफर तळ्यातल्या शैवालाला खारट लागतो आणि खाडीतल्याला गोडा. एक आक्रसतो, दुसरा फुगतो. तळ्याच्या नमुन्यासाठी मी ०.०५ मोलर फॉस्फेट, पीएच ७.२, असा घेत असे. खाडीतलं काही मऊ शैवाल फिक्स करायचं झालं तर ग्लुटराल्डिहाइड गाळलेल्या खाडीच्या पाण्यातच बनवा. तिथे फॉस्फेट बफर वापरलात तर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी भेटून सगळीकडे बारीक रवा पसरतो, आणि तो रवा फोटोत जिवाणूंसारखा दिसून भल्याभल्यांना चकवतो. खाडीचा खारटपणा पावसाळ्यात पार उतरतो, त्यामुळे फेब्रुवारीत बनवून ठेवलेलं द्रावण जुलैत वापरू नका. त्या दिवशीचं पाणी, त्या दिवशीचं द्रावण. नंतर धुतानाही खाडीच्या पाण्यातून एकदम ऊर्ध्वपातित पाण्यात उडी नको, निम्मं-निम्मं करत उतरा. ग्लुटराल्डिहाइडने धरलेली पेशीही खारट-गोडाला अजून थोडीफार दाद देते.

ऑस्मियमबद्दल. ऑस्मियम टेट्रॉक्साइड स्निग्ध पदार्थ पक्के करतं, पेशी कडक करतं आणि थोडी वाहकताही देतं. ते असतं तर बरं. पण सेनेडेस्मस, पेडिअ‍ॅस्ट्रम, ऑसिलेटोरिया अशा पक्क्या भिंतीच्या शैवालांचं बाहेरचं रूप दाखवायला ते नसलं तरी काम भागतं. भिंत नसलेल्या, चाबकासारख्या कशाभिकांनी पोहणाऱ्या पेशींसाठी मात्र ते लागतंच, म्हणून युग्लीनाचा हट्ट या वेळी सोडा. वर्गणी काढून एक अँप्यूल मागवावी आणि कॉलेजच्या टेबलावर फोडावी, असं करू नका. त्याची वाफ डोळ्याच्या पारदर्शक पटलावर बसते. चालू फ्यूम हूड आणि हे काम आधी केलेला माणूस शेजारी नसेल तर त्याला हात लावायचा नाही.

पेशी हरवणं ही दुसरी नेहमीची तक्रार. प्रत्येक बदलाला थोड्या गळतात, शेवटी स्टबवर, म्हणजे नमुना बसवायच्या धातूच्या चकतीवर, काहीच उरत नाही. पॉलि-एल-लायसिन लावलेल्या कव्हरस्लिपवर फिक्स झालेल्या पेशींचा थेंब अर्धा तास ठेवा, त्या चिकटतात, आणि पुढचं सगळं कव्हरस्लिपसकट करता येतं. किंवा पॉलिकार्बोनेटच्या सपाट गाळणीवर गोळा करा. सेल्युलोजची गाळणी स्पंजासारखी खडबडीत असते, त्या पार्श्वभूमीवर पेशी शोधणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. पॉलिकार्बोनेट घेतलात तर अ‍ॅसिटोन टाळा, ते गाळणी मऊ करून वाकवतं. अल्कोहोलनेच निर्जलीकरण करा: ३०, ५०, ७०, ९०, ९५ टक्के, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, आणि मग निव्वळ अल्कोहोल तीनदा.

त्या निव्वळ अल्कोहोलवर मुंबईच्या हवेत विश्वास ठेवू नका. जूननंतर उघडी राहिलेली बाटली हवेतून पाणी ओढत बसते, लेबलावर मात्र ९९.९ तसंच राहतं. शेवटच्या टप्प्यासाठी नवी बाटली किंवा तापवून कोरड्या केलेल्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे दाणे) ठेवलेलं अल्कोहोल वापरा. कॉलेजला अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तेव्हा बाटली संपेपर्यंत थांबू नका. आणि एका द्रवातून दुसऱ्यात जाताना नमुन्यावर पातळ थर कायम राहू द्या. दोन बदलांच्या मध्ये क्षणभर कोरडा पडलेला नमुना पुढे कितीही चांगला ड्रायर मिळाला तरी सुधारत नाही.

वाळवण्याचा उत्तम मार्ग क्रिटिकल पॉइंट ड्रायर. कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या आसपास अशा अवस्थेला पोचतो की द्रव आणि वायू यांतला फरकच उरत नाही. पृष्ठभागच नाही, तर पृष्ठताण कुठला? यंत्र कुठे मिळालंच तर उन्हाळ्यात एवढं विचारा की सिलिंडर कुठे ठेवलाय. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर किंवा उघड्या जिन्यात ठेवलेल्या सिलिंडरचं तापमान ३१ च्या वर गेलं की आत द्रव कार्बन डायऑक्साइड उरतच नाही, आणि मग चेंबर भरत का नाही म्हणून सगळे झडपा तपासत बसतात.

ते नसेल तर एचएमडीएस, म्हणजे हेक्सामिथाइलडायसिलाझेन. तुमच्या यादीतल्या बहुतेक शैवालांना ते पुरतं, हे मी खात्रीने सांगते. निव्वळ अल्कोहोलनंतर अल्कोहोल आणि एचएमडीएस दोनास एक, मग समसमान, मग एकास दोन, आणि शेवटी निव्वळ एचएमडीएस दोनदा, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. शेवटचा थर इतका ठेवा की नमुना जेमतेम बुडेल, झाकण किंचित तिरकं ठेवून फ्यूम हूडमध्ये रात्रभर उडू द्या. ते ज्वलनशील आहे आणि दमट हवेशी भेटलं की अमोनिया सोडतं. पावसाळ्यात हे काम वातानुकूलित, कोरड्या खोलीत करा आणि वाळल्यावर लगेच सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. फ्यूम हूड चालत नसेल तर हे घरी किंवा वर्गात करण्याचा विचारही नको. तेव्हा टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलचा पर्याय उरतो: ते २५ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे त्यात भिजवलेला नमुना फ्रिजमध्ये गोठवून पंपाने निर्वातात वाळवता येतो.

मायक्रोसिस्टिसच्या फोटोंबद्दल एक ताकीद. त्याच्या वसाहतीभोवतीचा श्लेष्म जवळजवळ सगळा पाणीच असतो. पाणी काढलं की तो आक्रसून धाग्यांची सुंदर जाळी होते. वसाहतीत जिवंतपणी अशी जाळी नसते, ती आपण वाळवताना तयार केलेली असते. प्रबंधांमध्ये त्या जाळीची तपशीलवार वर्णनं मी वाचली आहेत, परीक्षकांनीही ती मान्य केलेली. तुम्ही फोटो जरूर छापा, पण खाली स्पष्ट लिहा की हा वाळलेला श्लेष्म आहे.

कोटिंग आणि यंत्र यांवर फार लिहीत नाही, ते चालकाचं क्षेत्र आहे. तळ्याच्या पेशींना दहा-पंधरा नॅनोमीटर सोनं ठीक. डायटमची बारीक रंध्रं जेमतेम काही दशक नॅनोमीटरचीच असतात, जाड सोनं ती बुजवतं आणि सोन्याचे कणही दिसू लागतात. तिथे पातळ प्लॅटिनम मिळालं तर मागा. कव्हरस्लिप टेपवर चिकटवल्यावर तिच्या कडेपासून स्टबच्या धातूपर्यंत वीज वाहणाऱ्या सिल्व्हर पेंटची एक रेघ ओढा. काच वीज वाहून नेत नाही, खालची टेप एकटी पुरत नाही, आणि तुमच्या पांढऱ्या पट्ट्यांचा अर्धा इलाज ही रेघ आहे. मऊ पेशींना ५ किलोव्होल्टपासून सुरुवात करा. १५-२० ला प्रतिमा ठसठशीत वाटते, पण इलेक्ट्रॉन खोल जातात आणि पातळ भिंतीचा पृष्ठभाग काचेसारखा आरपार दिसू लागतो.

टीईएमचं उत्तर: एसईएमसाठी वाळवलेल्या नमुन्याचं नाही होणार. ७० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे काप घ्यायला पेशी रेझिनमध्ये भिनवाव्या लागतात आणि तिथे ऑस्मियमला पर्याय नाही. ग्लुटराल्डिहाइडमध्ये फिक्स केलेल्या नमुन्याचा एक भाग बाजूला ठेवून तो रस्ता पुढे धरता येईल. शैवालांच्या भिंती रेझिनला सहज आत येऊ देत नाहीत, म्हणून स्पर्रसारखं पातळ रेझिन आणि तासांऐवजी दिवसांत मोजायचं भिनवणं. एम.एस्सी.च्या एका सत्रात हे बसवू नका. डायटमच्या स्वच्छ कवचांचं मात्र काप न घेता थेट ग्रिडवर टीईएम करता येतं, रंध्रांच्या नक्षीसाठी ते छान दिसतं, आणि तयारी तुमच्याकडे असेलच.

आता तुमचा महिना. खाडीचा जुना नमुना आजच धुवायला घ्या, कारण स्थिरावण्यात दिवस जातात. कागदाच्या युक्तीने नवा नमुना दिवसा येणाऱ्या पुढच्या ओहोटीला. तळ्याचा नवा नमुना स्लॉटच्या आठवडाभर आधी, त्याहून आधी नको. वाळलेला नमुना दमट हवेत जास्त दिवस ठेवण्यात काही हशील नाही. स्लॉटच्या आधी थोडा नमुना एचएमडीएसपर्यंत नेऊन, कोटिंग न करता, साध्या स्टीरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेडिअ‍ॅस्ट्रमच्या चकत्या सपाट आणि ऑसिलेटोरियाचे धागे गोल दिसले तर पुढे जा. तुमचा स्लॉट रद्द झाला तर पवईच्या आयआयटीतली सैफ ही सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क घेऊन काम करून देते, अर्ज मात्र लवकर करावा लागतो.

स्लॉटच्या दिवशी प्रत्येक नमुन्याचे दोन स्टब न्या. खाली पेन्सिलीने क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे जागा, तारीख, खारटपणा आणि वाळवण्याची पद्धत. डबीत सिलिका जेलची पुडी टाका, आणि लोकलच्या गर्दीतून जाताना डबी उभीच राहील अशी बॅगेत बसवा. पहिली दहा मिनिटं फोटो काढू नका, कमी विवर्धनावर सगळा स्टब फिरून या. चांगली पेशी बहुधा कडेला, जिथे थेंब पातळ पसरलेला असतो, तिथे सापडते.